शिट्ट्या मोजणारा कॉम्प्युटर

आमच्या भाजे गावात दाराला लिंबू-मिरची टांगतात. गुलाबभाऊंच्या दाराला जळालेला कॉम्प्युटर टांगलेला आहे. टीव्हीएवढं धूड नव्हे हो, काडेपेटीएवढी हिरवी पट्टी, एका कोपऱ्यात काळी पडलेली. "पयला गुरू हाय माजा," म्हणत भाऊ येताजाता तिला हात जोडतात.

भाऊ माझे शेजारी. देहूरोडला वायरमन होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, हे असल्या चिमुकल्या कॉम्प्युटरांच्या नादी लागले. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, उजाडलं की खुराड्याचं दार उघडतं. एकदा ते दार नेमकं मांजर आल्यावर उघडलं, पण तो विषय त्यांच्यापुढे काढायचा नाही.

"भाऊ, पोराचा लॅपटॉप पडून आहे की घरात," मी एकदा म्हणाले.

"त्येला हात लावायचं भ्या वाटतं, बाय. बिघडला तर पोरगं घरात घ्यायचं न्हाई. ह्यो बग, मिसळीच्या भावात येतो, वीज चिमूटभर खातो. एकच काम सांगायचं, त्येच करत बसतो. आन् जळलं तर जळलं! दुसरा आणायचा."

"जळलं तर जळलं" हे त्यांचं पालुपद. शांतामावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते ऐकवेना, कारण त्यांची डाळ खरोखरच जळायला लागली होती.

लेणी बघून आलेल्या पाहुण्यांना मावशी ओटीवर जेवू घालतात. बाहेर वाढता वाढता आतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, ही त्यांची कायमची रीत. पण यंदा डाळ सारखी करपू लागली. एका रविवारी पाहुणे ताटं तशीच टाकून उठले. "बंदच करते मी हे," म्हणत मावशी ती ताटं उचलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी गावभर जाहीर केलं, "चूक माजी हाय. ग्यास मी बंद करायचा व्हता. माजे कान गेलेत, शिट्ट्या ऐकूच येत न्हाईत!" तेव्हापासून आम्ही सगळे त्यांच्याशी बोंबलून बोलू लागलो.

मग यंत्र आलं. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या आणि ओटीच्या खांबावर लाल दिवा लावायचा. पहिल्याच दिवशी मळवली स्टेशनात शिरणाऱ्या गाडीनं भोंगा दिला, यंत्रानं तोही शिट्टीत धरला. भात कच्चा! पारावरची मंडळी हसून लोळली. "भाऊ, आगगाडी शिजत ठेवली व्हती काय?"

भाऊ मात्र खूश. "घावली चूक! आवाज न्हाई, वाफ मोजायची." ऊब ओळखणारा मण्याएवढा तुकडा त्यांनी कुकरवर टांगला. तो वाफेनं मेला. दुसरा लावला, तर कॉम्प्युटरच गेला. "जळलं तर जळलं!" तिसरा जोड जरा उंचावर बसला आणि टिकला.

पुढचा रविवार. ओटी भरलेली, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, त्यात मळवलीचा भोंगा. दिवा ढिम्म! मी श्वास रोखून बसलेली. थोड्या वेळानं दिवा लखकन लागला. मावशींनी वाढता वाढता वर बघितलं, हातातली पळी ठेवली, आत जाऊन गॅस बंद केला. वरण असं उतरलं की पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं. पारावरची हसणारी तोंडंही वाट्या घेऊन हजर झाली. जिंकलो की हो आम्ही!

मी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटले, "केवढं डोकं आहे, पण बिचाऱ्यांचे कान गेले."

"हळू बोल, बाय," ओटीच्या पार दुसऱ्या टोकावरून भाऊ म्हणाले.

मी उडालेच. भाऊ जवळ आले. "माजे कान टणटणीत हायेत. कमी ऐकू येतंय ते हिला. पर चारचौघांत कुणी हिला बहिरी म्हनलं, तर ती परत ह्या ओटीवर यायची न्हाई. म्हनून म्हनलं, मीच व्हतो बहिरा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या ओटीला ऐकू जाईल असं ओरडले, "भाऊऽऽ, वरण झकास झालंयऽऽ!"

"काय म्हनलीस?" भाऊंनी कानामागे हात धरला.

तिकडे मावशी वळल्या आणि छान हसल्या. त्यांनाही ऐकू गेलं होतं.