दौलतराव काकाजींचं परराज्यातलं घर

पांढुर्ण्यातली माणसं सकाळी उठून देवळात जायची. आमचे दौलतराव काकाजी बँकेत जायचे. आत नव्हे, बँक उघडायला तेव्हा बराच अवकाश असे. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते बँकेच्या बंद दारापुढे उभे राहायचे, कुलूप हातात धरून ओढून पाहायचे आणि मान डोलावून परत फिरायचे. वाटेत कोणी भेटलं की सांगायचे, "हाय बाप्पा. अजून जाग्यावर हाय."

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या पोस्टात कारकून होतो आणि काकाजींच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. त्यामुळे बँक जागेवर असल्याची बातमी मला रोज चहाच्या आधी मिळत असे. माझे पैसे त्या बँकेत नव्हते. खरं तर कुठंच नव्हते. तरीही ती बातमी ऐकल्याशिवाय चहा गोड लागेनासा झाला.

काकाजी कशालाही भीत. विजेच्या बटणाला भीत, सुईला भीत, मोटारीच्या नुसत्या भोंग्याला भीत. नागपूरच्या नळाला तर फार भीत. लेक नागपूरला दिलेली. तिला भेटायला जायचे तेव्हा फिरकीच्या तांब्यात पांढुर्ण्याच्या विहिरीचं पाणी भरून न्यायचे, सोबत शिदोरी. दिवसभर तेवढ्यावर काढून संध्याकाळच्या गाडीनं परत. मी म्हणायचो, "काकाजी, अख्खं नागपूर ते पाणी पितं, मरत नाही कोणी." ते म्हणायचे, "त्यायले सवय हाय. मले सोसत नाही." असा चिक्कू आणि असा भित्रा माणूस एका देहात कसा मावला याचं मला नवल वाटे, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

बँकेची भीती मात्र फुकटची नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास एक खासगी बँक बुडाली, त्यात त्यांची एका हंगामाची संत्री गेली. पाठोपाठ फाळणीनंतर आमच्या गावात मूलचंद शेठ आले. सिंधमधून आलेले, कापडाचं दुकान टाकलेलं. काकाजी धोतरजोडी घ्यायला गेले आणि शेठनी त्यांना आपली कहाणी सांगितली. "घर उधर, बँक उधर," शेठ म्हणाले, "पासबुक इधर. बीच में एक लकीर."

काकाजी धोतर न घेताच परत आले. तेव्हापासून त्यांना रेघेची भीती बसली. "कोनीतरी नकाशावर रेघ मारते बाबू," मला सांगायचे, "आन मानूस झोपूनच राहते."

असा हा माणूस. त्यानं छपन्न साली मोहगावची संत्र्याची बाग विकायला काढली आणि नागपुरात, जुन्या शुक्रवारीत, दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरवलं. गावानं तोंडात बोटं घातली. बायको जाऊन वर्षं लोटलेली, मूल म्हणजे ती एक सुमन. आयुष्यभराची मिळकत म्हणजे ती बाग.

मी म्हटलं, "काकाजी, घर कशाला? सुमनताईचं घर आहे की तिथं. जावई देवमाणूस आहे. जा, राहा."

"तुले नाही समजत बाबू."

"मग समजावून सांगा."

"काऊन सांगू? तू काय मोठा कलेक्टर होय?"

इसार देऊन झाला. ठरल्या मुदतीत बाकी रक्कम देऊन रजिस्ट्री केली नाही तर इसार बुडणार होता. आणि बागेचे पैसे हातात येतात न येतात तोच प्रांतरचना झाली. रात्री झोपलो तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. सकाळी उठलो तेव्हा ते मुंबई राज्यात, आम्ही मध्य प्रदेशात, आणि आमची नवी राजधानी भोपाळ, जिथं आमच्यापैकी कोणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. बोली तीच, सोयरीक तीच, गाडीची वेळही तीच. पण मध्ये रेघ आली होती. काकाजी सकाळीच माझ्या दारात उभे. बँकेचं कुलूपही ओढून आले नव्हते.

"गेलं," ते म्हणाले. "नागपूर विदेशात गेलं."

मी हसलो. मग त्यांच्या कपाळाला गंधही नाही हे दिसलं आणि हसणं आवरलं.

पुढचे दिवस आम्ही दोघं पैसे रेघेपलीकडे न्यायचा विचार करण्यात घालवले. म्हणजे विचार मी करायचो, ते भ्यायचे. रोख न्यावी तर चोर. सोनं करून न्यावं तर सोनाराची घट इकडेही आणि तिकडेही. बँकेचा मॅनेजर म्हणाला ड्राफ्ट काढा. काकाजींनी नमुन्याचा ड्राफ्ट उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "हा भिजला तं?"

"भिजवू नका."

"आन तिकडची बँक म्हनली, आमी नाही ओळखत तुमाले?"

"बँक तीच आहे हो. आमचीच शाखा."

"मूलचंद शेठची बी शाखाच होती," काकाजी म्हणाले. मॅनेजरनं पाणी मागवलं, स्वतःसाठी.

खर्चाचं तर विचारूच नका. घराची किंमत वेगळी आणि घर पदरात पडायची किंमत वेगळी, हे मला त्यांच्यासोबत कळलं. स्टॅम्पाचा खर्च, वकिलाची फी, दस्त लिहिणाऱ्याची लिहिणावळ, दलालाची दलाली, जुन्या मालकानं थकवलेला घरपट्टीचा आकडा. प्रत्येकाला काकाजी एकच प्रश्न विचारायचे, "परराज्यातल्या मानसाले जास्त लागते का?" आणि प्रत्येक जण क्षणभर विचारात पडून म्हणायचा, "तसं काही नाही, पण..." त्या 'पण'वर ते रात्र रात्र जागायचे.

सरतेशेवटी पोस्टाची परीक्षा झाली. एक दिवस त्यांनी माझ्या खिडकीवर रुपया ठेवला. "सुमीच्या नावानं मनिऑर्डर लाव. पाहू, रेघेच्या पार जाते का." कमिशन वेगळं पडतं म्हटलं तर चिक्कू माणसानं तेही मोजलं. चारपाच दिवसांनी सुमनच्या सहीची पोच परत आली. काकाजी ती सही बराच वेळ पाहत उभे राहिले. मागे रांग खोळंबली होती.

"पोचला नं रुपया?" मी म्हटलं.

"पोचला. पन एका रुपयाचं काय सांगता येते? अजून एक लाव."

असे कितीक रुपये गेले. सगळे पोचले. मुदत संपत आली तेव्हा मी चिडून म्हणालो, "आता ड्राफ्ट काढा, नाहीतर इसारावर पाणी सोडा." दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्राफ्ट काढला, खर्चापुरती रोख बंडीच्या आत शिवली आणि मला म्हणाले, "रजा घे. तू सरकारी मानूस. रेघेवर कोनी अडवलं तं बोलशील."

ड्राफ्ट टोपीत होता. टोपी डोक्यावर, टोपीवर दुपट्टा, दुपट्ट्याची गाठ हनुवटीखाली. मांडीवर तो फिरकीचा तांब्या. गाडी हलली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "कुठी जाऊन राहिले, भाऊ?"

घर घ्यायला जातोय म्हटलं तर पैसे आहेत हे कळणार. काकाजी घाबरून बोलून गेले, "मयतीले."

डबा हळहळला. त्याच्या शेजारी नातवंडं घेऊन बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कोन वारलं, बाप्पा?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. लेकीजावयाचं नाव घेववेना, माझं घेता येईना. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "बायको. सुमीची माय."

तेवढं बोलले आणि त्यांना खरंच रडू कोसळलं. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या बाईसाठी तो माणूस नरखेड येईस्तोवर ढसाढसा रडला. म्हातारीनं धीर द्यायला तांब्याची फिरकी उघडली, त्यांना दोन घोट पाजले, आपण प्याली, नातवंडांना पाजलं. तांब्या रिकामा झाला. नरखेडला तिकीट तपासनीस चढला. काळा कोट पाहून काकाजींना रेघेवरचा शिपाईच वाटला. तिकीट ड्राफ्टाजवळ, टोपीत. त्यांनी दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि आतल्या आत चाचपून तिकीट बाहेर काढलं. म्हातारा तपासनिसाला म्हणाला, "त्यायले त्रास नका देऊ साहेब. दुःखात हाय." गाडी पुढे निघाली तरी काकाजी दुपट्ट्यातून बाहेर आले नाहीत.

"बाबू," आतून आवाज आला, "रेघ गेली का?"

"मघाशीच गेली."

"काहीच नाही झालं?"

"काहीच नाही."

नागपुरात आधी सुमनताईकडे गेलो. ऊन चढलं होतं. ती धावत बाहेर आली, पाया पडली, आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आली. मी माझा घटाघटा रिकामा केला. काकाजी ओट्यावर बसलेले, ओठ सुकलेले.

"बाबा, घोटभर तरी," ती म्हणाली.

"नळाचं मले सोसत नाही, सुमे."

माझं डोकं फिरलं. "अहो, तांब्या रिकामा आहे तुमचा! घेरी येऊन पडाल." त्यांनी नुसती मान हलवली. सुमनताईनं पेला आत नेला. तिनंही आग्रह धरला नाही, याचा मला तिचाही राग आला.

बँकेत शिरण्याआधी त्यांनी दारावर लटकलेलं उघडं कुलूप धरून पाहिलं. ड्राफ्ट घामानं ओलसर झालेला, तरी वटला. रजिस्ट्रारपुढे अंगठा द्यायचा की सही, हे विचारल्यावर ते म्हणाले, "दोन्ही घ्या." संध्याकाळी घराची किल्ली त्यांच्या हातात आली तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. मी धरून नेलं. दोन काळोख्या खोल्या, मागे एवढंसं परस, परसात विहीर. सुमनताईचं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

ती आमच्या आधीच येऊन बसली होती. तिनं घरून दोर, बादली आणि पेला आणला होता. पाणी शेंदलं, पेला भरला आणि तो धरून बापासमोर उभी राहिली. पुढे केला नाही.

"पानी देऊ का, बाबा?"

"हे घर कोनाचं होय, सुमे?"

"तुमचं."

"माहं कसं? तुहं माहेर होय. रेघेच्या अलीकडं आनलं." त्यांनी हात पुढे केले. "आता दे."

आमच्याकडे एक रीत आहे, ती मला तेव्हा कुठं आठवली. लेकीला मूल होत नाही तोवर बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. सुमनताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. रीत मोडली तर लेकीचं काही वाईट होईल ही या भित्र्या माणसाला भीती. रीत बोलून दाखवली तर तिच्या काळजाला लागेल ही त्याहून मोठी. म्हणून नळाला भ्यायचं सोंग, ते खरं दिसावं म्हणून अख्ख्या नागपुरात कोरड्या घशानं फिरणं, म्हणून तो तांब्या, आणि गावानं चिक्कू म्हटलं तर म्हणू दे.

काकाजींनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि प्याले. पाणी हनुवटीवरून बंडीवर सांडलं.

"सोसलं का बाबा, नागपूरचं पानी?" सुमनताईनं विचारलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

काकाजींनी रिकामा पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.