अडतीस वर्षांचा खार

"विकायचं नाही, आई! फक्त जगायचं. विकलं आपोआप जातं!"

पेइलिंगने हे अशा थाटात सांगितलं, जणू चीनच्या सिच्वान प्रांतातल्या अख्ख्या लुझौ शहरात हा शोध तिलाच लागला होता. मार्चमध्ये कंपनीने तिला नारळ दिला, एप्रिलमध्ये तिने तीन दिवसांचा ऑनलाइन क्लास केला आणि मे उजाडायच्या आत ती आईच्या स्वयंपाकघरात मोबाईलचा स्टँड रोवून उभी! क्लासच्या बाईंनी सांगितलेलं तंत्र सोपं होतं. आपलं साधंसुधं आयुष्य दाखवायचं, बघणाऱ्यांच्या मनात गवत पेरायचं, म्हणजे 'हे मलाही हवं' अशी हाव जागवायची, आणि गवत उगवलं की खाली लिंक टाकायची.

"माझं आयुष्य कोण मेलं बघणार?" आई म्हणाली.

बघितलं हो, बघितलं! आई सकाळची पेज पीत होती, ते नऊ हजार लोकांनी बघितलं! "आजींचा एप्रन कुठे मिळेल?" लिंक! "आजी बसल्यात ते बांबूचं स्टूल?" लिंक! "आजींची त्वचा इतकी छान कशी हो?" पेइलिंगने क्रीमची लिंक टाकली. आईने उभ्या जन्मात तोंडाला क्रीम लावलं नव्हतं.

लाइव्ह सुरू झालं की पेइलिंग मोबाईलकडे बघून लाडाने हाक मारायची, "घरच्या मंडळींनो!" तिकडे सगळेच विकणारे गिऱ्हाइकांना असं घरचं करून टाकतात. पहिल्या दिवशी आतून आई म्हणाली, "काय गं?"

"तू नाही गं! गप्प बस ना जरा!"

त्यानंतर आईने कधी ओ दिली नाही.

पण लोकांचा खरा जीव जडला तो लोणच्यावर. ओट्याखाली आईची तपकिरी बरणी असायची. आत मुळा, आलं, मिरच्या आणि खार, म्हणजे मुरलेलं मिठाचं पाणी. हा खार आईला तिच्या आईने लग्नात दिलेला. होडीतून सासरी येताना तिने तो मांडीवर घेतला होता, आणि अडतीस वर्षं त्याच खारात नवे मुळे पडत होते. आई त्याला पोटच्या पोरीसारखं जपायची. पोटच्या पोरीपेक्षा काकणभर जास्तच, असं पेइलिंगचं म्हणणं होतं.

"आजींचं लोणचं द्या!" कमेंटमध्ये एकच गिल्ला झाला. आता बरणीतून आठवड्याला निघणार जेमतेम दोन वाट्या, त्या देणार कुणाकुणाला? तेवढ्यात एका कारखान्यातून फोन आला. "लाडक्या ताई, तुम्ही फक्त आजी दाखवा. मुळे आमच्याकडे ढिगाने आहेत!"

पेइलिंगने हो म्हटलं. आईला विचारायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी मोठं लाइव्ह होतं. आई आलं आणायला बाजारात गेली होती. दिव्याच्या उजेडात बरणीतून काढलेला मुळा आजारी माणसासारखा फिक्कट दिसू लागला. पेइलिंगने काय करावं? ब्रश घेतला आणि प्रत्येक फोडीला मिरचीचं तेल चोपडलं! फोडी अशा काही चमकल्या की तिच्याच तोंडाला पाणी सुटलं. दोन फोडी तिने कॅमेऱ्यासमोर कचकच खाल्ल्या आणि बाकीच्या चॉपस्टिकने उचलून परत बरणीत टाकल्या.

"ही माझ्या आईची शिकवण, मंडळी! काही वाया घालवायचं नाही!"

खाराला तेलाचा थेंब लागला की खार मेला, हे सिच्वानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पेइलिंगलाही होतं. पण तिचं सगळं लक्ष त्या वाढत्या आकड्यांवर!

कमेंटचा पाऊस सुरू झाला. "तेल!" "अगं, तेल!!" "अगं बाई, तेल, तेल, तेल!!!" इतक्या भराभर वर सरकत होत्या की दुसरा शब्दच वाचता येईना.

"कळलं, कळलं! तेल हवंय ना? ही घ्या तेलाची लिंक!"

आरडाओरडा दुप्पट झाला. गर्दी कसली म्हणून आणखी लोक आले आणि त्या नव्या लोकांनी अकरा मिनिटांत सगळं तेल उचललं! पेइलिंग आनंदाने स्टुलावरून पडता पडता वाचली.

चौथ्या दिवशी आईने बरणीचं झाकण काढलं. खारावर पांढरी बुरशी धरली होती, वास तर विचारूच नका, आणि कडेने लालसर तवंग.

"ह्यात तेल कुणी घातलं?"

"मला काय माहीत!" पेइलिंग म्हणाली.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या माओ काकू दारातून आत आल्या. "काढलंस का गं ते तेल? मी किती ओरडत होते कमेंटमध्ये! चार हजार माणसं ओरडत होती! ही बया ऐकेल तर शपथ!"

आईने लेकीकडे बघितलं.

"मग मीपण दोन बाटल्या घेतल्या," काकू चाचरत म्हणाल्या. "सवलत होती ना."

दोन दिवस आईने सगळे उपाय केले. बुरशी काढली, कडक दारू ओतली, मीठ वाढवलं. तिसऱ्या दिवशी तिने बरणी मोरीत उपडी केली आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"आई, तू हा खार कुणाला तरी दिला असशील ना?" पेइलिंगने रडवेल्या आवाजात विचारलं. "त्यांच्याकडून वाटीभर आणू."

"दिला होता की. तुला. तुझ्या लग्नात."

पेइलिंगला आठवलं. वास येतो म्हणून तिने ती छोटी बरणी बाल्कनीत ठेवली होती आणि उन्हाळाभर ती तिथेच तापत पडली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं गं माझं, आई."

आठवडाभर आई नुसती मीठ घालून पेज प्यायली. पेइलिंगने स्टँड मिटून कपाटामागे टाकला. पण कारखाना थोडाच मिटतो! शनिवारी खोकं येऊन धडकलं. नमुन्याच्या बाटल्या! प्रत्येक बाटलीवर आईचा हसरा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरं: 'आजींचा अडतीस वर्षांचा खार'.

पेइलिंग खोकं पलंगाखाली सरकवणार, तोच आई आली. "बघू."

आईने एक बाटली उघडली, फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत बसली. मग चष्मा लावून तिने बाटलीवरचा फोटो निरखून बघितला.

"कसं आहे?" पेइलिंगने जीव मुठीत धरून विचारलं.

"बाई घरंदाज दिसते," आई म्हणाली. "पण हिला लोणचं येत नाही."