मैत्री नको, वैर नको

आमच्या घराण्यात एक व्रत सात पिढ्या निष्ठेने पाळलं गेलं आहे. पोलिसांपासून लांब राहणे! बाकीचे कुळाचार आम्ही सिंगापूरला येताना पुण्यातच ठेवून आलो. हा मात्र हँडबॅगेतून आणला.

त्यामुळे मुलीला, म्हणजे जाईला, रविवारच्या मराठी वर्गातून ‘पोलिसांची मैत्री नको आणि वैरही नको : अर्थ सांगून उदाहरण द्या’ असा गृहपाठ मिळाला, तेव्हा माझी छाती फुगली. शनिवारी सकाळी आमच्या पुंगोलच्या एलआरटी गाडीत मी तिची शिकवणीच घेतली.

“पोलीस म्हणजे शेगडी. लांबून शेकावी, मांडीवर घेऊ नये.”

“बट बाबा, इथले पोलीस नाइस आहेत!”

“शेगडीही नाइसच असते.”

इतक्यात शेजारच्या सीटवर एक बेवारस निळं पाऊच दिसलं. आत भारतीय पासपोर्ट. नाव संग्राम, गाव दापोली, फोटोत भरघोस मिशा. सोबत जहाजावर रुजू होण्याचं पत्र : आज संध्याकाळी, तुआस बंदर. म्हणजे पासपोर्ट नाही तर जहाज नाही, आणि जहाज नाही तर पोराची नोकरी पाण्यात!

“बाबा, स्टेशनवर देऊन टाक ला!” जाईने शेवटी सिंगापुरी ‘ला’ जोडला.

“ते कुणाला देणार? पोलिसांना! मग जबाब, पंचनामा, साक्ष... तुझ्या लग्नाच्या दिवशी मला कोर्टाची तारीख असेल! आपला मराठी माणूस आहे. मी स्वतः पोचवतो!”

घरी येऊन मी सगळ्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर हाक दिली. उत्तरादाखल अकरा सुप्रभात आले, अळूवडीची कृती आली आणि बुकित पंजांगमधला एक संग्राम सापडला. त्याला नुकतेच दुधाचे दात येत होते.

“अहो, पोलिसांना एक फोन करा ना!” बायको, उल्का, कळवळून म्हणाली. “ते पोर वेड्यासारखं शोधत फिरत असेल!”

“मी असताना पोलीस कशाला?” असं म्हणून मी तुआसला निघालो. पुंगोल एका टोकाला, तुआस दुसऱ्या. देश एवढासा आहे म्हणतात. त्यांनी तो एमआरटी रेल्वेने आणि मग बसने पार करून पाहावा!

बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात पुढे केला. “पासपोर्ट?”

हातात होता तो मी दिला.

त्याने फोटोतल्या मिशांकडे पाहिलं. मग माझ्या टकलाकडे पाहिलं.

“धिस इज यू?”

“नो, नो! मी फक्त घेऊन आलोय!”

“दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन बंदरात?”

आता हे वाक्य जगातल्या कुठल्याही भाषेत चांगलं ऐकू येत नाही. त्याने फोन लावला. सात पिढ्या ज्यांना टाळलं, ते सात मिनिटांत हजर!

सार्जंट फैजल वयाने माझ्या भाच्याएवढे. मी दोन्ही मनगटं जोडून पुढे केली. त्यांनी त्यात पाण्याची बाटली ठेवली.

“सर, मालक सकाळपासून पुंगोलच्या पोलीस चौकीत बसलाय. तुमच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर. त्याला टॅक्सीने बोलावून घेऊ.”

संग्राम जहाज सुटायच्या बेतात असताना धावत आला. पासपोर्ट छातीशी धरून त्याने मला वाकून नमस्कार केला. “काका, तुमच्यामुळे...” मी मान तिरकी करून आशीर्वादाच्या तयारीत उभा. “तुमच्यामुळे दिवसभर जीव टांगणीला लागला हो!” आणि फाटकातून आत पळाला.

पोचला ना वेळेवर? मग झालं! मी वर मान करूनच उभा राहिलो.

सार्जंटनी माझा जबाब घेतला. समोर ठेवलेला चहा थंड व्हायच्या आत जबाब संपला. पंच नाहीत, तारीख नाही. उलट म्हणाले, “सर, हेतू चांगला होता. पुढच्या वेळी फक्त आम्हाला कळवा.” सुटकेच्या आनंदात माझ्या तोंडून पुण्यातलं वाक्य निसटलं.

“या एकदा घरी, पोहे खायला!”

पुण्यात याचा अर्थ ‘बरंय, निघतो’ असा आहे. तिथे या वाक्यावर कुणी कुणाकडे गेल्याची नोंद नाही. पण परक्या देशात हे कोण सांगणार? पुढच्याच शनिवारी सार्जंट दारात! दोन बशा पोहे खाल्ले, उल्काला “आंटी, व्हेरी नाइस” म्हणाले आणि मला म्हणाले, “एका परक्यासाठी अख्खं बेट पालथं घालणारा माणूस! असेच रहिवासी आम्हाला गस्तीला हवेत.”

मी नकार देणार, तोवर उल्काने विचारलं, “जॅकेटचा साइज कुठला सांगू?”

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालून पुंगोलमध्ये गस्त घालतो. सायकल बेवारस दिसली की टिपायची, आजोबा दिसले की फसवे फोन उचलू नका म्हणून सांगायचं. मराठी मंडळातले लोक मला पाहून रस्ता बदलतात. त्यांच्याही सात पिढ्या असतील!

जाईने रखडलेल्या गृहपाठात लिहिलं : ‘वैर केलं तर तुआसला जावं लागतं. मैत्री केली तर दर शनिवारी चालावं लागतं. उदाहरण : माझे बाबा.’ पैकीच्या पैकी गुण!

तरी मी म्हणेन ते म्हणेनच. म्हण शंभर टक्के खरी आहे, आणि मी ती कुणासमोरही... थांबा हं, खालून शिट्टी वाजली. सार्जंट आलेत. पोहे झाले का विचारताहेत.