तुकोजीकाकांचं क्लबपुराण

आमच्या शेजारच्या तुकोजीकाकांनी जन्मात दारूला हात लावला नाही. पण म्हैसुरातल्या एकूण एक क्लबची आणि बारची कुळकथा त्यांना तोंडपाठ. कुठला कोणामुळे चालला, कोणामुळे बुडाला, त्या जागी आता काय आहे, सगळं. एकदा दाढ काढायला गेले. इंजेक्शन झालं, डॉक्टर चिमटा घेऊन वळले, तर काका उठून बसलेले. "डॉक्टर, तुमची ही खुर्ची आहे न्हवं, हितं बिलियर्डचं टेबल होतं. गोत्ता, ठाऊक हाय?" डॉक्टर नवे, हुबळीकडचे. त्यांना वाटलं, भूल मेंदूला चढली.

हा इतिहास लिहून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मास्तरीण आणि अक्षर बरं, एवढाच माझा गुन्हा. रोज चार वाजता कॉफीचा पेला पुढे सरकवून काका सुरू: "बरको पुट्टी, बरको!" लिहून घे पोरी, लिहून घे. दोन वह्या भरल्या. उरला फक्त तळ्याकाठचा क्लब, जिथे काका स्वतः मेंबर होते. त्याचं नाव काढलं की यांना भाजी आणायची आठवण व्हायची. मीही चिवट. एक दिवस पिशवीच लपवून ठेवली.

मग नाइलाजानं बोलले. त्या क्लबात नवा मेंबर घ्यायचा तर पेटी फिरायची. प्रत्येकानं आत हात घालून एक गोळी टाकायची, पांढरी नाही तर काळी. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद. कोणी टाकली, हे कोणालाच कळायचं नाही. काकांनी आपल्या जिवलग मित्राचं, गणपतरावांचं नाव त्यांच्याच आग्रहाखातर सुचवलं होतं. नेमकी एक काळी निघाली.

"कोणी टाकली?" मी विचारलं.

"मीच की."

"तुम्ही? का?"

"अय्यो, काय सांगू पुट्टी. गणपा लई बोलका. मी तिथं कोपऱ्यात बसणारा. तो आला असता तर सगळी त्याच्याच भवती. मग रोजच्यावानी सांजचं तळ्याच्या कट्ट्यावर माझ्यापाशी कोण बसणार?"

गणपतरावांनी ते मनाला लावून घेतलं आणि लांब जंगलाकडच्या एच. डी. कोटे गावाला बदली मागून घेतली. जाताना काकांना म्हणाले, "अख्ख्या क्लबात तू एकटा माझ्या बाजूचा."

मला काकांचा राग आला, आणि त्याहून जास्त दया. गणपतराव आता शहराच्या टोकाला, बोगादीला मुलाकडे होते, अंथरुणाला खिळलेले. "चला, आत्ताच सांगून टाका," म्हणत मी रिक्षा बोलावली.

गणपतरावांनी काकांचा हात धरला तो सोडेचनात. सुनेला म्हणाले, "हाच तो, माझ्या बाजूचा." काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी यांना गप्प करायला देव यावा लागतो. त्या दिवशी निघताना एवढंच म्हणाले, "उद्या येतो, गणपा."

तेव्हापासून रोज दुपारी, दोन बस बदलून, काका बोगादीला जातात. आज सांगायचंच, असं ठरवून जातात. परवा ते परतले तेव्हा मी त्यांना दारापाशी गाठलं.

"सांगितलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सांगायला तोंड उघडतो, तर तो इचारतो, उद्या येणार न्हवं?" काका चपला काढता काढता थांबले. "सांगितल्यावर तो येऊ नको म्हणाला तर, पुट्टी?"