डार्लीनचा दुसरा नंबर

अमेरिकेतल्या टोलेडोच्या बर्फाच्या रिंकवर दर मार्चमध्ये व्यावसायिक फिगर स्केटिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते आणि तिच्यात डार्लीन वोझ्नियाक दुसरी येते. एके काळी तिच्यापुढे बेट्टिना असायची आणि मागे कुठल्या कुठल्या देशांच्या बायका. टीव्हीवाले असायचे, तिकिटाला रांगा असायच्या. मग टीव्ही गेला, रांगा गेल्या, एकेक देशही गेला. 'जागतिक' तेवढं राहिलं, कारण ते पाटीवर पक्क्या रंगात होतं.

यंदा बेट्टिनाने गुडघा बदलून घेतला. स्पर्धेत उरली एकटी डार्लीन.

"या वेळी मला कोण हरवतंय ते बघतेच!" खोट्या पापण्या चिकटवत ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझं काही सांगता येत नाही गं," स्टॅन म्हणाला.

समोर पाच परीक्षक, प्रेक्षकांत स्टॅन, आणि पुढची पाळी आपल्या पोरांची म्हणून ताटकळलेले हॉकीवाल्यांचे आईबाप. डार्लीनने जीव ओतला. एका उडीनंतर तोल जाऊन हात बर्फाला टेकला, तेवढंच. स्टॅनने कौतुकाने टेडी अस्वल फेकलं आणि ते नातीचं असल्यामुळे लगेच परत मागितलं.

निकाल लागला. डार्लीन दुसरी.

"मर्विन, मेल्या, मग पहिलं कोण?"

मुख्य परीक्षक मर्विन हॅलोरनने टाय सारखा केला. "बेट्टिना."

"ती घरी पाय वर करून पडलीये!"

"म्हणूनच तर. आपण गुण देत नाही डार्लीन, दहातून कापतो. तू हात टेकलास, तुझा अर्धा गेला. बेट्टिना पडली नाही, अडखळली नाही, संगीताच्या मागेपुढे झाली नाही. तिचं काय कापू? तूच सांग."

"अरे, तिने नावसुद्धा दिलं नाही!"

"नाव उशिरा दिलं की कापतो. दिलंच नाही, तर उशीर कुठे झाला?"

डार्लीनने असा काही आवाज लावला की हॉकीवाले पहिल्यांदाच कौतुकाने बघायला लागले. आवाजाबद्दल तिचा आणखी पाव गुण कापला गेला.

पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही. "बसते घरी. बघू काय कापतोय!"

समितीला आनंदाचं भरतं आलं. कुणी पडलं नाही, बर्फावर ओरखडा नाही, इतकी निर्दोष स्पर्धा इतिहासात झाली नव्हती. हॉकीवाल्यांना रिंक लवकर मिळाला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

डार्लीन आणि बेट्टिना सोफ्यावर पिरोगी, म्हणजे पोलिश उकडीच्या करंज्या, खात बसल्या होत्या. मर्विनचा फोन आला.

"निकाल ऐक. पूर्ण दहा गुणांसह पहिला क्रमांक विभागून. बेट्टिना, स्टॅन, हॉकीवाल्यांचे आईबाप, माझी सासू..."

"आणि मी?"

मर्विन खाकरला. "तू आज सकाळी रिंकवर गेली होतीस?"

"अरे, सहज! अख्खा रिंक रिकामा दिसला. राहवलं नाही."

"मी काचेतून बघत होतो. काय गिरकी घेतलीस गं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! पण थांबताना टाच जराशी घसरली. नऊ पूर्णांक नऊ दशांश."

बेट्टिनाच्या हातातला पिरोगी हसण्याने खाली पडला. डार्लीनने फोन ठेवला, स्केट्सची पिशवी खांद्याला लावली.

"आता कुठे निघालीस?" बेट्टिनाने विचारलं.

"उरलेले कापून घ्यायला!"

तर अंतिम निकाल असा : जग पहिलं, डार्लीन दुसरी. वाचकहो, पहिल्यांत तुम्हीही आहात, आजवर बर्फावर एकदाही चुकला नाहीत. दर चार वर्षांनी ऑलिंपिक बघताना सोफ्यावरून "अरेरे, हिला साधं उतरता येत नाही!" असं तुम्ही म्हणता, ते काही उगाच नाही. तुमचं पदक टोलेडोला तयार आहे. येऊन घ्यायचा विचार मात्र करू नका. आत शिरताना पायरीवर निसरडं असतं.