वाघमाऱ्याचं पार्किंगमधलं विद्यापीठ

दर रविवारी सकाळी आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत, भर पार्किंगमध्ये, वाघमारे टेबल मांडतो आणि कुणाच्या तरी लेकराला रडवतो.

याला तो 'पीएचडीच्या मुलाखतीची तयारी' म्हणतो. खाडीकाठच्या गावांतली, आदिवासी पाड्यांवरची, घरात पहिल्यांदाच एवढी शिकलेली पोरं त्याच्याकडे येतात. फुकट शिकवतो म्हणून, दुसरं काय! रिटायर्ड बँक कारकून, स्वतः एमएवर थांबलेला. पण ऐट अशी की जणू कुलगुरूच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ओरडतो, "पुढे काय? पुढे काय?" अरे बाबा, श्वास तरी घेऊ दे!

एकदा त्याने मलाच धरलं. "तुम्ही परीक्षक. बोलायचं नाही. मोबाईल बघायचा आणि जांभया द्यायच्या." म्हटलं, हा काय चावटपणा? तर म्हणे, "खरे परीक्षक हेच करतात. पोरांना सवय नको?" वर माझी जांभई त्याला पसंत पडेना. "तुच्छता कमी पडतेय," म्हणाला. घ्या!

समोर दीपाली होती, करंजाड्याकडच्या कोळीवाड्यातली. दुसऱ्या दिवशी तिची खरी मुलाखत. विषय, खाडी बुजवल्यावर कोळणींचं काय झालं. पोरगी छान बोलत होती. एवढ्यात वाघमाऱ्याने पाय लांब केले, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "तुम्हा लोकांना पीएचडी कशाला हवी?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. दीपाली उठलीच. "मना नाय जमाचा, सर. उद्या पन ह्याच इचारतील." पर्स उचलून निघाली.

"थांब गं," वाघमारे म्हणाला. आवाज पार उतरला होता. "मलाही विचारलं होतं. मी उठून आलो. मग परत कुणी बोलावलं नाही."

दीपाली येऊन बसली. "इचारा," म्हणाली. पण त्याला काही तो प्रश्न पुन्हा विचारवेना. शेवटी मीच विचारला.

"आमच्यावर लोकांनी पीएचडी केल्या," ती म्हणाली. "आता आमची आमाला करू द्या."

इतकं खणखणीत, की गेटवरचा वॉचमन वळून बघायला लागला.

वाघमारे मान खाली घालून बसला होता.

"ऐकू आलं नाही," म्हणाला. "परत सांग."