दोनशे त्र्याहत्तरचा हेलपाटा

मांजरी गावातल्या आमच्या कारखान्यात फिटर भैरू याचा उजवा तळहात कॉम्प्रेसरच्या पाइपला लागून भाजला. भाजल्यास भरपगारी रजा द्यावी, असा नियम आहे. त्यामुळे तो भाजला आहे की नाही, हे ठरवायला चौकशी समिती नेमण्यात आली. मी तिचा सचिव.

बँडेज हा पुरावा धरता येत नाही. तीस अंशांची हवा आठपट दाबली की किती तापते, हे खराडीहून आणलेलं नवं सॉफ्टवेअर सांगतं. ते म्हणालं, चौपन्न.

"चौपन्नाला कोण भाजतं?" अध्यक्ष हिंमतराव म्हणाले. "आपला चहा याहून गरम असतो."

"सायेब, कातडं निघालं हो माझं!" भैरू कळवळला.

"निघालं असेल. भाजलं नाही."

म्हातारे सुपरवायझर बद्रीनाथ उठले. "अहो, हे गणित सेल्सिअसमध्ये करायचं नसतं. आधी केल्विन करायला दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, मग आठपट दाबासाठी एक पॉइंट आठ एक एकने गुणायचं, शेवटी तेवढेच दोनशे त्र्याहत्तर वजा करायचे. उत्तर येतं दोनशे शहात्तर!"

सॉफ्टवेअर कंपनीचा आमोद हसला. "सर, ती स्टेप आम्हीच काढून टाकली. जे मिळवायचं तेच परत वजा करायचं, तर मिळवायचं कशाला? प्रोसेस फास्ट झाली."

हिंमतराव खूश. लायसन्स-परमिट राज गेलं तरी लोकांची हेलपाट्यांची खोड जात नाही, असं ते म्हणाले. आमोदला चेव आला. शून्य अंशाची हवा घेतली तर कितीही दाबा, शून्यच राहते, हेही त्याने दाखवलं.

"मग बर्फाचा कारखानाच काढा की!" बद्रीनाथ कडाडले.

ही सूचना इतिवृत्तात नोंदवली.

"निदान पाइपला एकदा हात तरी लावून बघा," बद्रीनाथ म्हणाले.

यावर समितीतले सगळे आपापल्या हातांकडे बघू लागले. शेवटी हिंमतराव म्हणाले, "ते आपल्या कार्यकक्षेत येत नाही."

रजा नामंजूर झाली. निर्णय मिळाल्याची सही भैरूला करता येईना, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. नियमात तसाही डावाच लागतो. दुसऱ्या दिवशी तो फडकं गुंडाळून कामावर हजर झाला.

खोटं कशाला बोलू, मला बद्रीनाथांचं पटलं होतं. लाजही वाटली. पण समितीतल्या बाकी दोघांच्या सह्या झाल्या होत्या, म्हणून मीही केली.

आपण आम्हाला शिव्या देत असाल. जरूर द्या. फक्त एक सांगा: ते दोनशे शहात्तर बरोबर आहे, हे आपण स्वतः मांडून पाहिलंत, की बद्रीनाथ म्हणाले म्हणून?